१९८७ व्हॅनागनमध्ये सुबारूचं ईजे२२: गरम झाल्यावरही काळा धूर, सेन्सर बदलून दमलो

सातारकर_पोर्टलँड

नमस्कार मंडळी. चार महिने झाले, शनिवार-रविवार गाडीखाली पाठ टेकून जातायत आणि गाडी आहे तिथेच आहे. जरा लांबण लावतो, पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं.

गाडी १९८७ ची फोक्सवॅगन व्हॅनागन, वेस्टफालिया कॅम्पर. वर उचलायचं छप्पर, आत दोन बर्नरची शेगडी, सिंक, फ्रिज आणि मागे गादी. इंजिन त्या गादीच्या बरोबर खाली. मूळचं २.१ लिटरचं वॉटरबॉक्सर (आडव्या सिलिंडरचं, पाण्याने गार होणारं बॉक्सर इंजिन) होतं, त्याची हेडं गळायची. ज्यांनी ते इंजिन वापरलंय त्यांना जास्त सांगायला नको. एकदा हेडगॅस्केट केलं, दोन वर्षांत दुसऱ्या बाजूने कूलंट ठिबकायला लागलं, तेव्हा हात जोडले आणि १९९२ च्या सुबारू लेगसीचं ईजे२२ भंगारातून उचललं. तेही बॉक्सरच, चार सिलिंडर, पण ९५ च्या जागी १३० हॉर्सपॉवर. अ‍ॅडॉप्टर प्लेट, आखूड केलेला ऑइल पॅन, वेगळा एक्झॉस्ट, हे सगळं मी आणि एका मित्राने मिळून बसवलं. वायरिंग तेवढं बाहेरून करून घेतलं. लेगसीचा पूर्ण हार्नेस (इंजिनच्या तारांची जुडी) म्हणजे जंगल, त्यातून हव्या त्या तारा ठेवून, आखूड करून देणारा एक माणूस मिळाला. त्याने दिलेली जुडी तशीच जोडली, गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. त्या दिवशी पेढे वाटायचे बाकी होते.

आता रडगाणं. थंड इंजिन अर्ध्या सेल्फला घेतं, पहिली चार-पाच मिनिटं मलई. गरम झालं की बिघडतं. स्लो (उभ्या गाडीत इंजिनचे मिनिटाचे फेरे) ११०० वरून खाली येत नाही, सायलेन्सरमधून काळा धूर, मागे उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. प्लग काढावेत तर चारही काजळीने माखलेले, चुलीतून काढल्यासारखे. अ‍ॅव्हरेज ११ मैल गॅलनला, म्हणजे लिटरला पावणेपाचच्या आसपास. या बांधणीला १९-२० मिळतं असं सगळे सांगतात. इथल्या डीईक्यूच्या (ओरेगॉनचं पर्यावरण खातं) धुराच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड ५.२ टक्के आला, अर्थात नापास.

आतापर्यंत केलेलं: ऑक्सिजन सेन्सर नवा. प्लग दोनदा बदलले. एअर फ्लो सेन्सर साफ केला. पेट्रोलचं प्रेशर मोजलं, रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून ३६ पीएसआय, लावून २८, म्हणजे बरोबर. ती नळी आतून कोरडी, पेट्रोलचा वास नाही, म्हणजे रेग्युलेटरचा पडदाही फाटलेला नाही. कूलंटचा टेम्परेचर सेन्सर नवा टाकला, कारण जो भेटेल तो हेच सांगत होता. काडीचा फरक नाही. ईसीयूने (इंजिनचा कॉम्प्युटर) दिलेला बिघाडाचा कोड फक्त ३३, तो स्पीड सेन्सरचा, कारण मी तो अजून जोडलेलाच नाही. २१ (कूलंट टेम्परेचर) नाही, ३२ (ऑक्सिजन सेन्सर) नाही.

आई-बाबा आलेत साताऱ्याहून. गेल्या रविवारी माउंट हूडकडे निघालो, २६ नंबरच्या हायवेने. सँडी गाव ओलांडून चढ लागला तशी मागे बसलेली आई म्हणाली, "अरे, रॉकेलच्या स्टोव्हवर बसवलंयस का मला?" तिथूनच गाडी वळवली. महिनाअखेरीस त्यांना क्रेटर लेकला न्यायचं कबूल केलंय. काय बघू अजून?


जुनी_बस

आधी एक काम करा, गाडी फिरवणं बंद करा. एवढं कच्चं पेट्रोल जातंय म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली पॅनमध्ये उतरतंय. डिपस्टिक काढून वास घ्या, पातळी वाढलेली असली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) लालबुंद होऊन आतून वितळतो, तो खर्च वेगळा.

दोन शंका. एक, त्या काळच्या ईजे२२ वर एअर फ्लो सेन्सर दोन बनावटींचे यायचे, हिताची आणि जेक्स. दिसायला भाऊ-भाऊ, पण ईसीयूला चालतो एकच. इंजिन एका गाडीचं आणि ईसीयू दुसऱ्या गाडीचा असं झालंय का? तसं असेल तर ४९ नंबरचा कोड यायला हवा, पण लेबल बघून खात्री करा.

दुसरी शंका जास्त दाट आहे. तुमचा एक्झॉस्ट घरी वेल्डिंग केलेला. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी कुठे जॉइंट फुंकत असेल तर प्रत्येक ठोक्यामागे बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू बिचारा ओततच राहतो. माझ्या गाडीत हेच झालं होतं. व्हॅक्यूम क्लीनरची नळी फुंकण्याच्या तोंडाला लावून सायलेन्सरमध्ये खुपसा, गार इंजिनवर, आणि सगळ्या जॉइंटवर साबणाचं पाणी मारा.


सातारकर_पोर्टलँड

ईसीयू आणि सेन्सर दोन्ही एकाच गाडीचे, दोन्हींवरचं लेबल जुळतंय. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय, तुम्ही म्हणालात तसाच. लाज वाटली.

साबणाच्या पाण्याने मात्र चोर सापडला! एक्झॉस्टच्या डाव्या बाजूच्या फ्लँजला (पाइपाच्या बोल्टच्या जोडाला) फेस आला, भांडी घासताना येतो तसा. गॅस्केट नवी टाकली, बोल्ट कसले, पुन्हा फेस बघितला, नाही. आनंदाने चालू केली, गरम होऊ दिली आणि... तोच धूर. तेच ११००. मित्र म्हणाला, "विकून टाक." मी त्याला आठवडाभर चहा पाजणार नाही.

ऑक्सिजन सेन्सरच्या वायरवर मल्टीमीटर लावून बघितला. ०.८५ ते ०.९ व्होल्ट. ढिम्म हलत नाही. गॅस्केटच्या आधीही तेवढंच होतं, वहीत लिहून ठेवलंय.


हॅनोव्हरकरीण

तुमच्या वहीतल्या त्या एका ओळीत उत्तर आहे, आणि ती तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलीत!

(ओळख: मी जर्मनीत हॅनोव्हरला असते. या गाड्या जिथे बनल्या त्याच शहरात. इथे हिला टी३ म्हणतात. माझ्याकडे मूळ इंजिनवालीच आहे, पण हवा-पेट्रोलच्या मिश्रणाशी मारामारी रोजची.)

बघा. एक्झॉस्ट गळत असता तर सेन्सर फसला असता आणि व्होल्ट कमी दाखवले असते, ०.१-०.२ वगैरे. तुमचा सेन्सर ०.९ दाखवतोय, म्हणजे तो खरं बोलतोय: पेट्रोल जास्त आहे, जास्त आहे, जास्त आहे. ओरडून सांगतोय. फ्लँजची गळती खरी असेल, पण ती या दुखण्याचं मूळ नव्हे. ईसीयू कामावर असता तर त्याने लगेच पेट्रोल कमी केलं असतं, मग व्होल्ट खाली, मग पुन्हा वाढवलं असतं, आणि काटा ०.१ ते ०.८ मध्ये सारखा वरखाली नाचला असता. तो नाचतच नाहीये. म्हणजे ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाहीये.

तो कधी ऐकत नाही? इंजिन थंड असताना. थंडीत त्याला मुद्दाम जास्त पेट्रोल द्यायचं असतं, म्हणून तो सेन्सरकडे दुर्लक्ष करून आपल्या कोष्टकातून देतो. आणि थंडीत तो स्लो पण वाढवून ठेवतो. तुमचे ते ११००! थंड असताना गाडी मलई चालते हेही त्यातच आलं, कारण तेव्हा त्याचा समज आणि वस्तुस्थिती जुळतात. माझी पैज, तुमचा ईसीयू अजून पोर्टलँडच्या थंड सकाळीच बसलाय.


सातारकर_पोर्टलँड

ताई, पटतंय सगळं, पण गाडं तिथेच अडतं. टेम्परेचर सेन्सर नवा आहे. नुसता नवा नाही, बसवायच्या आधी पातेल्यात पाणी घेऊन, त्यात आईचा दुधाचा थर्मामीटर (हो, ती घेऊन आलीय) बुडवून तपासलाय. २० अंशाला २४०० ओम, ८० अंशाला ३१०. अगदी हवा तसा. बसवल्यावरही गरम इंजिनवर त्याचा वायरचा प्लग काढून मोजला, ३२० च्या आसपास. आणि डॅशबोर्डवरचा काटा बरोबर मधोमध उभा राहतो, म्हणजे इंजिन गरम होतंय, थर्मोस्टॅट उघडतोय. कूलंटमध्ये हवा अडकली असेल म्हणून पुढचा भाग जॅकवर उचलून रेडिएटरच्या वरच्या स्क्रूमधून दोनदा हवा काढली. आता ईसीयूच गेलाय का? एक मिळतोय जुना, १२० डॉलरला.


कराडचा_मिस्त्री

एकशेवीस डॉलर खिशातच राहू द्या भाऊ. आधी मीटर घ्या.

तीस वर्षं गॅरेज आहे माझं, सुबारू कधी उघडलेली नाय, पण करंट काय गाडीचं नाव विचारून वाहत नाय. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका. तो काटा फोक्सवॅगनचा, त्याचा सेंडर वेगळा, त्याची वायर वेगळी. ईसीयूचा सेन्सर वेगळा, दोन वायरचा. काट्यानं मधोमध दाखवलं म्हणजे ईसीयूला तेच कळलं, असं कुठं लिहिलंय? आपल्याकडं लोक इथंच फसतात. रेडिएटरचा पंखापण तुमच्या गाडीत स्वतंत्र स्विचवर असणार. ईसीयूच्या हातात असता तर तो लागलाच नसता आणि तुम्हाला कधीच कळलं असतं.

दुसरी, तुम्ही सेन्सर मोजलात सेन्सरपाशी. ईसीयू काय सेन्सरपाशी बसलाय का? त्याच्यापर्यंत वायर जाती, वायरीला जोड असतात, आणि तुमचा हार्नेस तर कापून जोडलेला आहे असं तुम्हीच वर लिहिलंय. या सेन्सरचा हिशोब उलटा असतो, ओम जास्त म्हणजे थंड, ओम कमी म्हणजे गरम. मधल्या जोडानं हजार-दीड हजार ओम वाढवले तर ईसीयूला ते सेन्सरचेच वाटणार. जोड खराब झाला की इंजिन कायम थंडच "दिसणार". कोड पण येणार नाय, कारण २१ नंबर येतो वायर साफ तुटली किंवा शॉर्ट झाली तर. अर्धवट खोटं त्याला पकडता येत नाय.

माझ्याकडं एक मारुती ८०० आली होती, एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनवाली. मालकानं तीन सेन्सर बदललेले. वायर उंदरानं कुरतडली होती, चार धागे शिल्लक. पंधरा मिनिटांचं काम होतं, पण त्या माणसाला तोपर्यंत सगळ्या गॅरेजवाल्यांचा राग आला होता.

असं करा. गाडी गरम करा, बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा. ईसीयूचा प्लग काढा. टेम्परेचर सेन्सरच्या दोन पिना नकाशात शोधा आणि तिथं ओम मोजा. सेन्सर जोडलेलाच ठेवा. तिथं ३२० यायला पाहिजेत, दहा-वीस इकडं तिकडं. आणि मोजताना दुसऱ्या हातानं वायर सगळीकडं हलवत राहा.


सातारकर_पोर्टलँड

मिस्त्रीकाका, तुमचे पाय कुठे आहेत सांगा.

काल संध्याकाळी केलं. ईसीयू मी इंजिनच्या डाव्या कोपऱ्यात बसवलाय, तिथे हात घालायचा म्हणजे गादी काढा, फळी काढा, झाकण काढा. बाबा टॉर्च धरून उभे, आई दारात खुर्ची टाकून. गरम इंजिन, प्लग काढला, पिनांना मीटर लावला.

१८७० ओम.

सेन्सरपाशी जाऊन मोजले, ३२०. परत ईसीयूपाशी, १८७०. म्हणजे मधेच साडेपंधराशे ओम जास्तीचे! १८७० म्हणजे सेन्सरच्या हिशोबाने तीसेक अंश. ताई, पैज तुम्ही जिंकलात.

मग वायर हलवत गेलो. एक्स्पान्शन टाकीच्या खालून जुडी जाते तिथे हात लागला आणि आकडा ९०० वर, सोडला तर ४००० वर. बाबा म्हणाले, "तिथंच आहे, तिथंच आहे!" जसा काही उंदीर दिसला. तिथली काळी टेप सोडवली. आत हार्नेस आखूड करताना मारलेला जोड, नुसता दाबून बसवलेला स्वस्तातला कनेक्टर, वर टेप. टाकीचं झाकण मध्ये गळत होतं (ते मी जून महिन्यात बदललं, पण तोवर झिरपायचं ते झिरपून गेलं होतं), ते कूलंट थेंबथेंब टेपमध्ये मुरलेलं. कनेक्टर ओढला तर हातात आला, आणि आतली तार तांब्याची राहिलीच नव्हती. हिरवी पूड. नखाने खरवडली तर झडली.

आईला दाखवली. तिने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "कळकलीय की. पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यासारखी. कल्हई लावली नव्हती का?"

मी हसलो, पण बरोबरच बोलली ती. कथिलाचाच तर थर द्यायचा होता. मागे सरकत चकचकीत तार लागेपर्यंत दोन्हीकडून साधारण दीड-दीड इंच कापली, नवा तुकडा घालून सोल्डर केलं, वर गोंदवाली हीट श्रिंक नळी. पुन्हा सेन्सरपाशी आणि ईसीयूपाशी मोजलं: दोन्हीकडे आकडा सारखाच.

आणि मग चालू केली. थंड झाली होती, त्यामुळे आधी ११००. ऑक्सिजन सेन्सरला मीटर लावून ठेवलेला, ०.९ वर ढिम्म. तीन मिनिटं, चार मिनिटं. कोणी बोलत नव्हतं. मग स्लो हळूहळू उतरायला लागला, हजार, नऊशे, आणि सातशेच्या जरा वर येऊन बसला. त्याच सुमाराला मीटरवर ०.७, ०.३, ०.१, ०.६. नाचायला लागला! चार महिन्यांत मी तो आकडा हलताना बघितला नव्हता. सायलेन्सरमागे हात धरला, नुसती गरम वाफ.


हॅनोव्हरकरीण

तुमच्या आईंना आमच्या टी३ क्लबात मानद सभासदत्व.

ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय लांब जाऊ नका मात्र.


कराडचा_मिस्त्री

छान झालं. पण एक जोड सापडला म्हणून थांबू नका. ज्या हातानं तो जोड मारला त्याच हातानं बाकीचे मारलेत. सगळी टेप सोडा. क्रँक आणि कॅम सेन्सरच्या वायरी आधी बघा, त्या गेल्या तर गाडी धूर सोडणार नाय, जागेवर बंद पडंल. आणि इंजिनची अर्थिंग. तुमच्या गाडीत बॅटरी कुठंय?


सातारकर_पोर्टलँड

बॅटरी पुढच्या सीटखाली, इंजिन मागे. अर्थ मूळच्या गिअरबॉक्सच्या पट्टीवरून होता, ती पट्टीही हिरवट निघाली. नवी जाड टाकली, इंजिनपासून थेट बॉडीला आणखी एक दिली.

टेप पूर्ण सोडली. अकरा जोड निघाले. तीन वाईट, त्यातला एक कॅम सेन्सरचा. हे क्रेटर लेकच्या वाटेवर जंगलात कळलं असतं तर आईने काय ऐकवलं असतं याची कल्पना करतोय. अकराच्या अकरा सोल्डर केले, दोन रात्री गेल्या. ज्याने हार्नेस करून दिला त्याला फोटो पाठवले, तो म्हणाला "टेप चांगल्या कंपनीची होती."


जुनी_बस

माझा फ्लँजचा तर्क चुकला, मान्य. गॅस्केटचे पैसे मात्र मागू नका.

३३ चा कोड पण संपवून टाका. त्याने मिश्रण बिघडत नाही, पण गाडी चालतेय की उभी आहे हे ईसीयूला कळत नाही, आणि सिग्नलला क्लच दाबून येताना कधीतरी इंजिन बंद पडतं. स्पीडोमीटरच्या केबलवर बसणारा रीड स्विच मिळतो, अर्ध्या तासाचं काम आहे.


सातारकर_पोर्टलँड

रीड स्विच मागवला, बसवला. बंद पडायची ते त्यामुळे होय! मी क्लचला दोष देत होतो.

आता शेवटचे आकडे. ऑइल बदललं, जुनं काढताना पाण्यासारखं पातळ आलं. शंभर मैल चालवून पुन्हा बदललं, कारण धीर होत नव्हता. डीईक्यूत ०.१८ टक्के, पास. तिथल्या माणसाने इंजिनचं झाकण उघडायला लावलं आणि म्हणाला, हे फोक्सवॅगन नाही. मी म्हटलं, नाही.

क्रेटर लेकला जाऊन आलो. ओकरिजपासून वर चढणाऱ्या ५८ नंबरच्या रस्त्याला तिसऱ्यात ५५ मैलांनी गेली, आधीच्या इंजिनने इथे ट्रकच्या मागे दुसऱ्यात जायचो. जाऊन-येऊन १९.४ मैल गॅलनला, म्हणजे लिटरला सव्वाआठ. आई परतीला मागच्या गादीवर दीड तास झोपली. उठल्यावर वासाबद्दल काहीच बोलली नाही, चहा मागितला.

फक्त फ्रिज प्रोपेनवर पेटत नाहीये. ठिणगी ऐकू येते, ज्योत धरत नाही. उद्या फोटो काढतो आणि त्याचा वेगळा धागा टाकतो.